औसा, ३.३ किलोवॅट हायब्रीड सोलर: इन्व्हर्टरची मर्यादा आणि बॅटरीचं माप (कामाच्या नोंदी)

११ फेब्रुवारी २०२५

औसा (जि. लातूर), स्लॅबचं घर, सिंगल फेज. बसवायचं ते हायब्रीड सोलर, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि लाईन तिन्ही एका इन्व्हर्टरला जोडलेलं. मागणी दोन ओळींची: रात्री लाईट गेली तरी पंखे आणि कूलर बंद पडू नये, आणि "पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर घेतोय तर मोटारसुद्धा चालली पाहिजे." पहिली मागणी युनिटची, दुसरी किलोवॅटची. रांजणात पाणी किती मावतं ते युनिट. तोंडातून एका वेळी किती काढता येतं ते किलोवॅट. दोन्हींचे हिशेब एकाच कागदावर मांडले की घोळ होतो, म्हणून कागदच वेगळे केले.

रात्रीचा लोड क्लॅम्प मीटर लावून मोजला, डब्यावरचे आकडे धरले नाहीत. संध्याकाळी साडेसहा ते सकाळी सात असा साडेबारा तासांचा हिशेब, उन्हाळा धरून:

पंखे ४ (दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, ३० वॅटचे, दोन जुने ७५ वॅटचे), ९ तास: १.८९ युनिट
कूलर १८० वॅट, ८ तास: १.४४
फ्रिज, रात्रीपुरता: ०.४५
दिवे ६० वॅट, ४ तास: ०.२४
टीव्ही ९० वॅट, ३ तास: ०.२७
राउटर: ०.११

एकूण ४.४० युनिट. हे प्लगपाशी मोजलेलं आहे. बॅटरीतून यापेक्षा जास्त जाणार.

१४ फेब्रुवारी

पॅनल ५५० वॅटचे ६, एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले. पॅनलमागच्या लेबलवर उघडं (लोड नसतानाचं) व्होल्टेज ४९.८, चालू (काम करतानाचं) व्होल्टेज ४१.८, करंट १३.१ अँपिअर. इन्व्हर्टर ५ केव्हीए, ५ किलोवॅट, ४८ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर नसलेला. त्याची सोलर इनपुटची कमाल ५०० व्होल्ट, एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा इन्व्हर्टरचा भाग) १२० ते ४५० व्होल्ट, करंट १८ अँपिअर.

सहा पॅनलचं उघडं व्होल्टेज २९८.८. थंडीत हे वाढतं, अंशाला ०.२७ टक्के. लेबलवरचे आकडे २५ अंशांचे असतात. पॅनल ५ अंशांवर आलं तर त्यापेक्षा २० अंश कमी, म्हणजे ५.४ टक्के वाढ: ३१५ व्होल्ट. भरपूर जागा आहे. पुढे पॅनल वाढवायचे म्हटलं तर मर्यादा नऊ. दहा पॅनलचा गुणाकार ४९८ येतो आणि कागदावर ५०० मध्ये बसल्यासारखा दिसतो, पण डिसेंबरच्या पहाटे तेच ५२५ होतात आणि इनपुट बोर्ड जळतो. हा बिघाड वॉरंटीत घेत नाहीत, कारण इन्व्हर्टरच्या आतल्या नोंदीत कमाल व्होल्टेज लिहिलेलं राहतं.

उन्हाळ्याची बाजू: पॅनल ७० अंशांवर गेलं की चालू व्होल्टेज २५० वरून २१० च्या आसपास उतरतं. १२० च्या वर आहे, चालेल. याच गच्चीवर तीनतीन पॅनलच्या स्ट्रिंग केल्या असत्या तर उन्हाळ्यात एमपीपीटी खालच्या काठावर धडपडत राहिला असता.

छतावरून खाली २२ मीटर, जाऊन-येऊन ४४. चार चौरस मिमीच्या सोलर केबलमध्ये १३ अँपिअरला साधारण २.९ व्होल्ट पडतात, सव्वा टक्का. पुरेसं. सहा चौरस मिमीवर पैसे घालायची गरज नाही, ते अर्थिंगवर घालावेत.

झुकाव १८ अंश, तोंड दक्षिणेला.

२० फेब्रुवारी

बॅटरी ठरवण्याचा दिवस. दोन पर्याय समोर: १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या चार ट्यूब्युलर (लेड-अ‍ॅसिड), किंवा ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची एक लिथियम फेरो फॉस्फेट.

लेबलं वाचली तर ट्यूब्युलर जास्त वाटते: ४८ गुणिले १५०, म्हणजे ७.२ युनिट. लिथियम ५.१२. पण ट्यूब्युलर रोज निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य घसरतं, म्हणून हाती ३.६. लिथियममधून ९० टक्के काढता येतात, हाती ४.६१. शिवाय ट्यूब्युलरची १५० ही क्षमता २० तासांत सावकाश रिकामी केली तरची. रात्रीच्या पंखे-कूलरला हा फरक विशेष जाणवणार नाही. मिक्सर आणि मोटार लागली की त्याच बॅटरीची क्षमता आखडते. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर असते. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य २५ च्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, हा प्रश्न वेगळाच.

लिथियम ठरली. आता ४.६१ पुरतात का?

प्लगपाशी ४.४० युनिट. बॅटरीतून एसी करताना ९३ टक्केच हाती येतं, म्हणजे बॅटरीतून ४.७३. वर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च. हा बहुतेक अंदाजपत्रकांत नसतोच. या जातीचा इन्व्हर्टर काही न चालवता ५५ वॅट खातो. साडेबारा तासांत ०.६९ युनिट, म्हणजे कूलरच्या निम्मा खर्च नुसतं चालू राहण्याचा. एकूण ५.४२. बॅटरी ०.८ युनिटने तोकडी.

इथे दुकानदार दुसरी बॅटरी सुचवतो. दोन जुने पंखे काढून बीएलडीसी लावले तर ९ तासांत ०.८१ युनिट वाचतात. प्लगपाशी ३.५९ उरतात, बॅटरीतून ३.८६, इन्व्हर्टरचे ०.६९ मिळवून ४.५५. बरोब्बर बसलं, तेही पंख्यामागे तीन हजारांच्या आसपास खर्चात. शिल्लक मात्र काही नाही. पाहुणे आले, दुसरा कूलर लागला, तर पहाटे लाईनवर जावं लागेल. घरच्यांना हे आधीच सांगितलं.

पंखे आधी बदला, मग बॅटरी मोजा. उलट क्रमाने केलं तर जास्तीची बॅटरी कायमची गळ्यात.

४ मार्च

जोडणी. बॅटरी ते इन्व्हर्टर ३५ चौरस मिमी तांब्याची केबल, एकेक सव्वा मीटर. ५ किलोवॅट भागिले ०.९२ भागिले ४८, म्हणजे ११३ अँपिअर. मध्ये १२५ अँपिअरचा डीसी ब्रेकर. एसीचा एमसीबी इथे लावू नये. डीसीचा करंट शून्यातून जात नाही, त्यामुळे सर्किट तोडताना पडणारी ठिणगी (आर्क) विझत नाही.

घराच्या जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल सगळीकडे एकच. इन्व्हर्टरवरच्या तीन सर्किटांचे न्यूट्रल बोर्डात शोधून वेगळे केले. सव्वादोन तास गेले, पण हे टाळलं तर लाईन आणि इन्व्हर्टरचे न्यूट्रल भिडतात आणि एके दिवशी आउटपुट बोर्ड जातो. बॅटरीवर चालताना इन्व्हर्टरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला राहत नाही, मग आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की सर्किट तोडणारा स्विच) नुसता शोभेचा. मेन्यूमधला न्यूट्रल-अर्थ जोडणारा रिले चालू केला आणि आरसीसीबीचं बटण बॅटरी मोडमध्ये दाबून पाहिलं. ट्रिप झाला. अर्थात बटणाने आरसीसीबीचीच यंत्रणा तपासली जाते, अर्थचा जोड नाही.

अर्थिंगचे खड्डे तीन: पॅनलचा सांगाडा व डीसी, एसी, आणि वीजरोधक. वरून काळी माती, चार फुटांखाली मुरूम. रीडिंग ४.८, ५.१ आणि ४.६ ओहम.

५ मार्च

सेटिंग. कारखान्यातून येतं ते लेड-अ‍ॅसिडसाठीचं, तसंच ठेवलं तर लिथियमची वाट लागते.

चार्जिंग ५६.० व्होल्ट, फ्लोट ५४.०. इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडला अधूनमधून द्यायचं जादा चार्जिंग) बंद. हे चालू राहिलं तर ५८.४ वर जातं, सेलमागे ३.६५, आणि बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) दार लावून घेतो. कमाल चार्जिंग करंट ५० अँपिअर, बॅटरीच्या निम्म्या दराने. लाईनवर परत जाण्याचं व्होल्टेज ५०, बॅटरीवर परत येण्याचं ५३. पूर्ण बंद होण्याचं मूळ सेटिंग ४२ होतं, ते ४८ केलं.

टक्केवारी व्होल्टेजवरून काढू नये. लिथियमचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलत नाही. ३५ टक्के आणि ७५ टक्के यांत एखाद्या व्होल्टचाही फरक नसतो. बीएमएसची संदेश-केबल इन्व्हर्टरला जोडली, तेव्हा कुठे स्क्रीनवरचा आकडा खरा झाला.

९ मार्च

मोटार. बोअरची १ एचपी सबमर्सिबल, चालताना ७.२ अँपिअर, सुरू होताना ३२. म्हणजे क्षणभर ७.४ केव्हीए. इन्व्हर्टरच्या कागदावर ५ सेकंदांसाठी दुप्पट, १० केव्हीए. दुपारी बारा वाजता बॅटरी भरलेली असताना तीनदा सुरू केली, तिन्ही वेळा उचलली.

आज सकाळी सहाला घरच्यांनी टाकी भरायला बटण दाबलं आणि अख्खं घर बंद. स्क्रीनवर ओव्हरलोड नाही, बॅटरी लो. बॅटरी त्या वेळी १४ टक्के.

११ मार्च

पुन्हा सकाळी सहाला, मीटर लावून. आकडे असे: विसावलेली बॅटरी ५१.२ व्होल्ट. मोटार उचलताना बॅटरीतून साधारण १०० अँपिअर. त्या ओढीने बॅटरीच्या आतच ३ व्होल्ट पडतात, ४८.२ उरतात. केबलमध्ये ०.१३. आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी ४७.४. ४८ ला बंद व्हायचंय, तो झाला. त्याचं काही चुकलं नाही.

हिशेबात ०.६७ व्होल्ट जास्तीचे गेले होते. ते कुठे? ६२ अँपिअरचा लोड ठेवून एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटरच्या सळ्या टेकवल्या. तीन जोडांवर ०.०२ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या धन टोकाच्या लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) ०.३८. लग बोटाला चटका देत होता. ६२ गुणिले ०.३८, म्हणजे साडेतेवीस वॅट एका जोडात जळत होते. बाहेरून काही दिसत नव्हतं, वर काळी स्लीव्ह चढवलेली. कापून पाहिलं तर तांब्याच्या तारा लगमध्ये सुट्या, पकडीने दाबून बसवलेल्या. हायड्रॉलिक क्रिम्परने ३५ च्या साच्यात नवा लग दाबला, तारा एकजीव झाल्या. रीडिंग ०.०२.

लग सुधारला तरी पहाटेचं गणित ४८ च्या आसपासच येतं, म्हणजे काठावरच. म्हणून मोटारीला हातचा चेंजओव्हर स्विच लावला. नेहमी लाईनवर, इन्व्हर्टरवर घ्यायची तर अकरा ते तीनमध्येच, जेव्हा बॅटरी भरलेली असते आणि ओढीतला मोठा वाटा पॅनल उचलतात. पाच किलोवॅट हा आकडा इन्व्हर्टरचा आहे. पहाटे सहाला घराला मिळतं ते बॅटरी, बीएमएस आणि त्या एका लगमधून जेवढं निसटेल तेवढंच.

१७ एप्रिल

तक्रार: "तीन हजार तीनशेचे पॅनल आहेत, दुपारी दीडला १.६ किलोवॅट दिसतंय."

आधी किती दिसायला हवं ते काढलं. हवा ४२ अंश, पॅनलच्या पाठीवर चिकटवलेला सेन्सर ६८. २५ पेक्षा ४३ अंश जास्त, अंशाला ०.३५ टक्के, म्हणजे १५ टक्के गेले. ऊन ९३ टक्के ताकदीचं. धूळ ४ टक्के (शेजारच्या शिवारात हरभऱ्याच्या राशी होऊन गेल्यात, काचेवर भुसा चिकटलेला). वायर आणि एमपीपीटी मिळून ३ टक्के. ३३०० गुणिले ०.९३, ०.८५, ०.९६, ०.९७, म्हणजे २.४३ किलोवॅट. एप्रिलच्या भर दुपारी ३.३ ची ही खरी किंमत. ३.३ कधीच दिसणार नाहीत.

पण १.६ हे त्याहून खाली. बॅटरी ७० टक्के, म्हणजे भरल्यामुळे अडलेलं नाही. इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसवलेला. खोलीत ४९ अंश. हा इन्व्हर्टर ४५ च्या वर स्वतःला वाचवायला आउटपुट आणि चार्जिंग कमी करत नेतो. पंखे सुसाट फिरतायत आणि तापलेलीच हवा आत ओढतायत. जागा घरच्यांनी केबल वाचावी म्हणून सुचवली होती, आणि फेब्रुवारीत ती थंड वाटली होती. चूक आमची.

बॅटरीही तिथेच. लिथियमला इतक्या तापल्या खोलीत चार्ज करणं बरं नाही.

२२ एप्रिल

दोन्ही खाली, उत्तरेच्या भिंतीला, जिन्याखाली. इन्व्हर्टरच्या वर-खाली फूटभर, बाजूंना वीत-वीत मोकळं. डीसी केबल ७ मीटर वाढली, तोटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दुपारी दीडला २.४१ किलोवॅट.

पॅनल धुणं: बोअरच्या पाण्यात क्षार फार, काचेवर वाळलं की पांढरे डाग बसतात आणि ते धुळीपेक्षा चिवट. पहाटे, काच थंड असताना धुवावं आणि वायपरने लगेच निपटावं. तापल्या काचेवर पाणी मारू नये.

३ मे

अर्थिंग मोजलं. डीसीचा खड्डा ४.८ वरून ११ ओहम. काळी माती वाळून खड्ड्याच्या कडेने बोटभर भेगा पडल्यात, इलेक्ट्रोडला मातीच चिकटलेली नाही. दोन घागरी पाणी ओतलं, संध्याकाळी ६.२. घरच्यांना सांगितलं: मार्च ते पाऊस, आठवड्याला एक घागर प्रत्येक खड्ड्यात.

६ मे

मध्यरात्री तीनला घरात अंधार, समोरच्या घरात लाईट. पाहुणे होते, दोन कूलर चालले, बॅटरी दोन चाळीसलाच ५० व्होल्टवर आली. इथपर्यंत अपेक्षित. इन्व्हर्टरने लाईनवर जायला हवं होतं. लाईनला व्होल्टेज १६६. शेतीच्या पंपांची रात्रपाळी होती, डीपीवर ताण. इन्व्हर्टर यूपीएस मोडमध्ये, १७० ते २८० च्या बाहेरची लाईन त्याला लाईनच वाटत नाही. म्हणून तो बॅटरीच ओढत राहिला, ४८ ला बंद.

अप्लायन्स मोडवर टाकलं, ९० ते २८०. आता १६६ लाही लाईन घेतो, पण तीच १६६ तशीच घरात जाते. पंखे मंद फिरतील एवढंच. फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र १६६ वर गुरगुरत राहतो आणि तापतो. फ्रिजपुरता स्टॅबिलायझर लावला. मोड बदलल्याने लाईन-बॅटरी अदलाबदल १० ऐवजी २० मिलिसेकंदांची झाली. राउटरने ती सोसली.

लाईनवर परत जाण्याचं व्होल्टेज ५० वरून ५१ केलं. बॅटरीत थोडी गंगाजळी राहते.

२५ सप्टेंबर

मराठवाड्यात अतिवृष्टी, सलग तीन दिवस ऊन नाही. निर्मिती ५.१, ३.८, ४.६ युनिट. एप्रिलमध्ये साधारण १३ होती. दिवसाचा घरखर्चच ३ च्या आसपास. बॅटरी ४० टक्क्यांवर चढत नाही.

बॅटरी मोठी असती तर? काही फरक पडला नसता. भरायलाच काही नव्हतं. ढगाळ दिवसांचं उत्तर पॅनल वाढवणं किंवा लाईन. दुसरी बॅटरी घेतली असती तर दोन्ही अर्धपोटी राहिल्या असत्या. लाईनवरून रात्री चार्जिंग तात्पुरतं चालू केलं, २० अँपिअर. ५० वर ठेवलं तर एकट्या चार्जरला अडीच किलोवॅटच्या वर लागतात आणि मंजूर भार ओलांडतो.

१९ डिसेंबर

येळवस (वेळा अमावस्येचा सण). अख्खं गाव शिवारात, घरचे सकाळी सहालाच अंबील-भज्जीची भांडी घेऊन शेतात गेले. घर रिकामं, बॅटरी लाईनवरून भरून ठेवलेली. क्षमता मोजायला असा दिवस वर्षात एकच.

सात वाजून दहा मिनिटांनी, कोवळ्या उन्हात, स्ट्रिंगचं उघडं व्होल्टेज ३०४. हिशेबातल्या ३१५ च्या आत.

सोलरचा आयसोलेटर बंद, लाईनचा एमसीबी बंद. सगळे सर्किट उतरवून फक्त एक हीटर, मीटरवर १०१० वॅट. परतीचं सेटिंग चाचणीपुरतं काढलं, बीएमएस १० टक्के दाखवेपर्यंत चालवायचं. सुरुवात ७.३०. शेवट ११.३२. चार तास दोन मिनिटं, प्लगपाशी ४.०७ युनिट.

बॅटरीतून ४.६१ गेले, घराला ४.०७ मिळाले. लेबलवर ५.१२. हलक्या लोडला इन्व्हर्टरचे ५५ वॅट जास्त वेळ चालतात, त्यामुळे रात्रभराच्या हिशेबात हा आकडा ३.६ च्या जवळ येतो. फेब्रुवारीत कागदावर ३.५९ काढले होते.

११.३५ ला सोलर चालू. चार्जिंग ४५ अँपिअर, २.४७ किलोवॅट. ऊन तिरपं, तरी एप्रिलपेक्षा किंचित जास्त, कारण पॅनलची पाठ ५२ अंशांवरच. दोनच्या आत बॅटरी भरली. परतीचं सेटिंग पुन्हा ५१.

लगचे चारही बोल्ट टॉर्क रेंचने तपासले, एक पाव फेरा ढिला होता. पुढची तपासणी मार्चमध्ये, खड्ड्यांत पाणी घालायला सुरुवात करतानाच.